गोंगाटातला संदेश



मालेगाव किंवा भिवंडीतील एखाद्या यंत्रमाग कारखान्यात तुम्ही कधी गेला आहात का? अब्बांचा डबा पोहोचवायला गेलेल्या मुलाला तेथील खडखडाट चांगला ठाऊक असतो. दारात उभे राहून कितीही मोठ्याने हाक मारली तरी आत ऐकू जात नाही. अशा वेळी कारागीर काय करतो? तो ओरडत बसत नाही. चहावाल्या पोऱ्याला तो दोन बोटे दाखवतो. पोऱ्याही दोन बोटे वर करतो. ‘दोन चहा हवेत’ हा निरोप पोहोचला आणि तो समजल्याची पावतीही मिळाली. एक शब्दही बोलावा लागला नाही!

हे कसे घडले? दोघांनी काही मोजक्या खुणा आधीच ठरवून ठेवल्या होत्या. उर्दूत आपण यांना इशारे म्हणतो. मराठीतही ‘इशारा’ हा शब्द आहे. पण मराठीत तो बहुधा धोक्याची सूचना या अर्थाने येतो. म्हणून येथे आपण ‘खूण’ हाच शब्द वापरू. ठरलेल्या खुणांनी गोंगाटातून निरोप पोहोचवणे, हेच हौशी रेडिओच्या डिजिटल पद्धतींचे सारे रहस्य आहे.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

घरातील रेडिओवर आपण फक्त कार्यक्रम ऐकतो. उलट बोलू शकत नाही. हौशी रेडिओवर मात्र ऐकताही येते आणि बोलताही येते. हा छंद जोपासणाऱ्यांना ‘हॅम’ म्हणतात. यात पैसे कमावण्यास मनाई असते. शिकणे, प्रयोग करणे, मैत्री जोडणे आणि संकटात मदत करणे हे या छंदाचे हेतू आहेत. प्रत्येक परवानाधारकाला एक खास नाव मिळते. त्याला कॉल साइन म्हणतात. जगात ते दुसऱ्या कोणाचेही नसते. भारतीय हौशी केंद्रांची कॉल साइन साधारणपणे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते.

रेडिओलहरी इतक्या दूर कशा जातात? पृथ्वीपासून उंचावर आयनांबर नावाचा वातावरणाचा थर आहे. लघुलहरी त्यावर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात. त्यामुळे त्या समुद्र आणि डोंगर ओलांडून हजारो किलोमीटर जातात. मात्र या प्रवासात त्या फार क्षीण होतात. त्यात विजांचा कडकडाट, विजेच्या तारांची गुणगुण आणि यंत्रांची खरखर मिसळते. माणसाचा आवाज या गोंगाटात बुडून जातो. तेथे खुणा कामी येतात.

खुणांची जुनी परंपरा

डिजिटल हा शब्द नवा वाटतो. कल्पना मात्र जुनी आहे. १८४४ साली सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला. त्यांच्या लिपीत प्रत्येक अक्षर आखूड आणि लांब ठोक्यांनी बनत असे. पुढे फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी पाच खुणांची लिपी तयार केली. प्रत्येक जागी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच असेल, तर पाच जागांचे किती प्रकार होतील? २ × २ × २ × २ × २ म्हणजे ३२. एवढ्यात इंग्रजी वर्णमाला सहज बसते. खुणांचा वेग मोजण्याच्या ‘बॉड’ या एककाला बोदो यांचेच नाव मिळाले आहे.

१९९८ साली इंग्लंडमधील हौशी रेडिओवाले पीटर मार्टिनेझ यांनी ‘पीएसके ३१’ ही पद्धत आणली. तिच्यात सेकंदाला सुमारे ३१ खुणा जातात. हाताने टंकलेखन करण्यास हा वेग पुरेसा आहे. यात एक गंमत आहे. जी अक्षरे वारंवार येतात त्यांना लहान खुणा दिल्या आहेत. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर फार येते. त्याची खूण फक्त ११ आहे. ‘टी’ची खूण १०१ आणि ‘ए’ची १०११ आहे. प्रत्येक खूण १ ने सुरू होते आणि १ नेच संपते. खुणेच्या आत दोन शून्ये शेजारी-शेजारी कधीच येत नाहीत. त्यामुळे ०० दिसले की अक्षर संपले असे समजायचे. आता चहाचा इंग्रजी शब्द लिहू: १०१ ०० ११ ०० १०११. हा शब्द पाठवायला साधारण अर्धा सेकंद लागतो.

आता तुम्ही एक संदेश उलगडा: ११००१०११००१०१. आधी ०० शोधा. मग तुकडे पाडा. उत्तर चहाबरोबरच्या कामाचेच आहे!

हरवलेले परत मिळवण्याची युक्ती

गोंगाटात काही खुणा हरवणारच. मग काय करायचे? समजा, मला ४ आणि ७ हे आकडे कळवायचे आहेत. मी त्यांच्यासोबत त्यांची बेरीजही पाठवतो: ४, ७, ११. वाटेत ७ हा आकडा पुसला गेला. तरी तुम्ही ११ मधून ४ वजा करून तो परत मिळवू शकता. एक जादा आकडा पाठवण्याचे कष्ट घेतले म्हणून निरोप वाचला.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर ‘एफटी ८’ या पद्धतीत वापरली आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि स्टीव्हन फ्रँक यांनी ती २०१७ साली सुरू केली. टेलर यांचे नाव तुम्हांला विज्ञानाच्या पुस्तकात भेटू शकेल. त्यांनी आणि रसेल हल्स यांनी १९७४ साली एका जोडताऱ्यातील स्पंदक शोधला. त्याबद्दल त्यांना १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ताऱ्यांचे क्षीण ठोके गोंगाटातून वेगळे काढणारा माणूस आपल्या छंदासाठीही तेच करू लागला.

एफटी ८ मध्ये आठ वेगवेगळे सूर वापरतात. मूळ संदेश ७७ द्विमान अंकांचा असतो. त्याला तपासणीचे अंक जोडून तो १७४ अंकांचा केला जातो. या जादा अंकांमुळे बिघडलेला संदेश दुरुस्त होतो. गोंगाटाची शक्ती संदेशाच्या शंभरपट असली, तरीही संगणक बहुधा तो वाचू शकतो. आपल्या कानाला तेव्हा नुसती खरखर ऐकू येते. शिवाय हा संदेश ५० हर्ट्झ एवढीच जागा घेतो. एका माणसाच्या बोलण्याला सुमारे २५०० हर्ट्झ लागतात. म्हणजे एका बोलण्याच्या जागेत असे पन्नास संदेश मावतात.

सुरुवात कशी करावी?

सुरुवात नेहमी ऐकण्यापासून करावी. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट रेडिओची. बातम्या ऐकण्याचा साधा रेडिओ येथे चालत नाही. ‘एसएसबी’ ऐकू येणारा लघुलहरी रेडिओ हवा. तो नसेल तरी निराश होऊ नका. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात एक रेडिओ इंटरनेटला जोडून ठेवला आहे. शाळेच्या संगणकावरूनही तो ऐकता येतो.

दुसरी गोष्ट संगणकाची. तो जुना असला तरी बहुधा चालतो. ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’ ही संगणकप्रणाली मोफत मिळते. रेडिओतील आवाज तारेने संगणकाला द्यावा. तार नसेल तर संगणकाचा मायक्रोफोन रेडिओच्या भोंग्याजवळ ठेवूनही प्रयोग करता येतो.

तिसरी गोष्ट घड्याळाची. शाळेत घंटेप्रमाणे तास बदलतो, तसे एफटी ८ मध्ये दर पंधरा सेकंदांनी पाळी बदलते. एका पाळीत एकाने सुमारे १२.६ सेकंद पाठवायचे. दुसऱ्या पाळीत त्याने ऐकायचे. म्हणून संगणकाचे घड्याळ एका सेकंदाच्या आत अचूक हवे. मी स्वतः पहिल्यांदा हा प्रयोग केला, तेव्हा तासभर पडद्यावर एक अक्षरही उमटले नाही. मी रेडिओला दोष दिला, तारेला दोष दिला. शेवटी पाहतो तर घड्याळ चार सेकंद मागे! ते बरोबर लावले आणि पुढच्याच मिनिटाला पडदा अक्षरांनी भरला.

चौथी गोष्ट वारंवारतेची. दिवसा व संध्याकाळी १४.०७४ मेगाहर्ट्झ लावून पाहा, सूर्यास्तानंतर ७.०७४ मेगाहर्ट्झ. पडद्यावर रंगीत रेघा खाली सरकताना दिसतील. त्या चित्राला हॅम मंडळी धबधबा म्हणतात. प्रत्येक रेघ म्हणजे कोणीतरी एक माणूस.

पडद्यावर काय वाचाल?

पहिला माणूस ‘सीक्यू’ पाठवतो. याचा अर्थ, ‘कोणीही यावे, बोलावे’. सोबत तो आपली कॉल साइन आणि ठिकाण देतो. दुसरा आपली कॉल साइन आणि ठिकाण देऊन उत्तर देतो. मग दोघे परस्परांचा संदेश किती जोरात आला ते आकड्यांत सांगतात. शेवटी पावती आणि ‘७३’ येते. ७३ म्हणजे शुभेच्छा. साधारण दीड मिनिटात ही भेट पूर्ण होते.

ठिकाणही खुणेनेच सांगतात. मालेगावचे उदाहरण घेऊ. त्याचे पूर्व रेखांश सुमारे ७४.५ आहे. त्यात १८० मिळवा, २५४.५ झाले. त्याला २० ने भागा. भाग १२ वेळा जातो आणि १४.५ उरतात. इंग्रजी ‘ए’ला शून्य धरून मोजले, तर बारावे अक्षर ‘एम’ येते. उरलेल्या १४.५ ला २ ने भागले की पूर्णांक ७ मिळतो. आता उत्तर अक्षांश २०.५ घ्या. त्यात ९० मिळवा, ११०.५ झाले. १० ने भागल्यावर ११ येतात, म्हणजे अक्षर ‘एल’. बाकी अर्धा अंश, म्हणून अंक शून्य. मालेगावची खूण झाली ‘एमएल ७०’. नकाशा घेऊन आपल्या गावाची खूण तुम्हीच काढा.

परवाना आणि जबाबदारी

ऐकणे जमले की पाठवावेसे वाटेल. येथे थांबा! परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. आपल्या देशात हा परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून मिळतो. त्यासाठी रेडिओचे शास्त्र आणि नियम यांवर परीक्षा असते. शाळकरी मुलेही अभ्यास करून ती देतात. शाळा आणि महाविद्यालये आपले क्लब केंद्रही सुरू करू शकतात.

पाठवतानाही शिस्त हवी. आधी ऐका, जागा मोकळी आहे का ते पाहा. संगणकाचा आवाज गरजेपेक्षा मोठा करू नका. तसे केल्यास सूर बिघडतो, पसरतो आणि शेजारच्यांना त्रास होतो. शक्तीही कमी ठेवा. सूर सलग चालू राहिल्याने प्रक्षेपक तापतो. आणि थोडी शक्ती पुरते देखील. ‘विस्पर’ नावाच्या पद्धतीत अर्ध्या वॉटपेक्षाही कमी शक्तीचे संदेश हजारो किलोमीटरवर वाचले गेले आहेत. आपल्या घरातील छोटा दिवासुद्धा त्याहून अधिक वीज घेतो.

हे सारे कशासाठी?

तुम्ही विचाराल, हातात मोबाइल असताना एवढा खटाटोप का? २६ डिसेंबर २००४ ची सकाळ आठवा. त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटांना झोडपले. दूरध्वनी बंद पडले. त्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते. त्यांच्या रेडिओवरून बेटांवरील लोकांची खबर मुख्य भूमीवर पोहोचू लागली. इकडे किती घरांत लोक अन्नपाणी सोडून एका शब्दाची वाट पाहत होते! ‘सुखरूप आहे’ एवढाच तो शब्द.

अशा वेळी अचूकपणाला फार किंमत असते. खरखरीत ‘दीडशे’चे ‘अडीचशे’ ऐकू आले तर? औषधाचे नाव चुकले तर? जिवंत माणसाच्या जागी दुसऱ्याच कोणाचे नाव गेले तर? लिहिलेला आणि तपासलेला संदेश अशी चूक टाळतो. मात्र प्रत्येक कामाचे हत्यार वेगळे. एफटी ८ मध्ये आपल्या मनाचा मजकूर फक्त तेरा अक्षरांचा लिहिता येतो. ती ओळख पटवण्याची पद्धत आहे, गप्पांची नाही. गप्पांसाठी पीएसके ३१ बरी. आणि संकटात लांब याद्या, पत्रे पाठवायची असतील तर रेडिओवरून ई-मेल नेणारी ‘विनलिंक’सारखी व्यवस्था उपयोगी पडते.

मित्रांनो, कारखान्यातील त्या कारागिराला पुन्हा आठवा. त्याने आवाज चढवला नाही. त्याने समोरच्याला समजेल अशी खूण केली आणि उत्तराची वाट पाहिली. चांगला हॅमही असाच असतो. तो आधी ऐकतो, थोडे बोलतो, आणि आपले म्हणणे पोहोचले की नाही याची खात्री करून घेतो. आज संध्याकाळी घड्याळ बरोबर लावा आणि ऐकायला बसा. त्या खरखरीत दूरदेशीचे कोणीतरी ‘सीक्यू’ म्हणत असेल.