टेंबलाई का रुसली?

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या नोंदी कशा ठेवायच्या ते बघितलं. आज वही बाजूला ठेवूया आणि पोरांना सांगायच्या गोष्टींबद्दल बोलूया.

ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, हे कोल्हापूरच्या लेकरांना सांगावं लागत नाही. कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याची फोड मिळवायला झुंबड उडते. पण पालखी तिथं जाते कशाला, असं आमच्या गटातल्या पोरांना विचारलं, तर "राक्षसाला मारायला" एवढंच उत्तर आलं. निम्मी गोष्ट गळूनच गेलेली.

कथा सांगतात ती अशी. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्यानं योगदंडाच्या जोरावर देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, म्हातारीचं रूप घेऊन तो दंड काढून घेतला आणि सगळ्यांना सोडवलं. पुढं विजयाचा सोहळा झाला, आणि त्यात तिलाच बोलवायचं राहून गेलं! ती रुसून टेकडीवर गेली, पाठ फिरवून बसली. तेव्हा अंबाबाई स्वतः उठून तिची समजूत काढायला गेली. पंचमीची यात्रा ती हीच.

असुराच्या बाजूनं सांगितली तर या गोष्टीत मारामारी उरते. टेंबलाईच्या बाजूनं सांगायला पदरचं काही घालावं लागत नाही. टेकडीवर तिच्या शेजारी बसायचं आणि पोरांना विचारायचं, खाली वाजंत्री वाजतीय, हिला काय वाटत असेल? लग्नघरात पहाटेपासून चुलीपुढं राबलेल्या आणि फोटोच्या वेळी कुणी हाक न मारलेल्या बाईला याचं उत्तर शिकवायला नको. हसू नका, आपण सगळ्याच त्यातल्या.

आपल्या आज्या हेच करत होत्या. जात्यावर बसून त्यांनी सीतेचा वनवास सीतेच्या बाजूनं गायला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. आता जातं गेलं आणि तिथं मांडीवर बसून ऐकणारं पोरही मोबाईलकडं गेलं.

परदेशातही हे चाललंय. ग्रीस देशाच्या जुन्या पुराणकथा आता मुलांसाठी बायकांच्या बाजूनं नव्यानं लिहितात. त्यातली एक आम्ही गटात सांगितली. डिमीटर ही धान्याची देवी. तिची लेक पर्सिफनी फुलं वेचत होती, तिला पाताळाचा राजा उचलून घेऊन गेला. बाप झ्यूस, देवांचा राजा, त्याची याला आधीच संमती होती. आई रानोमाळ शोधत फिरली. तिच्या दुःखानं शेतात दाणा उगवेना, तेव्हा देव जागे झाले. पण लेकीनं पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्लेले, म्हणून वर्षातले काही महिने तिला तिथंच राहावं लागतं. एरवी ही गोष्ट थंडी का पडते हे सांगायला वापरतात. आम्ही आईच्या बाजूनं सांगितली. सासर-माहेर आपल्याला काय नवीन आहे?

सांगताना एक सांभाळायचं. पोरांना लगेच अर्थ समजावू नका. थांबा, त्यांना विचारू द्या. आम्ही थांबलो, तर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "तिला कुणी विचारलं न्हाई? आमच्या ताईला पण न्हाई विचारलं." ताई बारावीत, पाहुणे बघून गेलेले. तिची आई तिथंच बसली होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी कुणीतरी चहा ठेवायला उठलं.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर त्या माउलीनं सांगितलं, थोरलीला विचारलं. तिला नर्सिंगचा फॉर्म भरायचाय म्हणे. पाहुण्यांना काय कळवायचं, ते घरात अजून ठरायचंय.