पावसाच्या थराखालचा सुपीक समुद्र

जून ते सप्टेंबर कोकण-गोव्याचा समुद्र खवळलेला, गढूळ असतो आणि पावसाळी मासेमारी बंदीमुळे पहिले दोन महिने यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. नेमक्या याच पावसाळ्यात समुद्राच्या पोटात तारली-बांगड्याच्या खाद्याची बेगमी सुरू असते.

हे खाद्य पुरवणाऱ्या सूक्ष्म वनस्पती प्लवकांची अडचण जुनीच आहे. त्यांना लागणारा प्रकाश वर आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट खाली! वर जगलेल्यातलं बरंचसं मेल्यावर बुडतं, अंधारात कुजतं आणि त्यातली पोषकद्रव्यं तिथंच अडकतात. ती वर आणायची तर पाणीच वर चढलं पाहिजे. वारा किनाऱ्यालगत वाहू लागला की पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वरचं पाणी त्याच्या उजवीकडे सरकतं; स्वीडिश शास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ साली याचं गणित मांडलं. आपल्याकडे मान्सूनचा वारा किंचित दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे पाणी खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी येतं. यालाच अपवेलिंग म्हणतात. पेरू, कॅलिफोर्निया, नामिबियाची मासेमारी याच्याच जिवावर चालते.

आपला किनारा मात्र त्यांच्यासारखा नाही. इथं अपवेलिंग केरळकडे सुरू होऊन उत्तरेला सरकतं आणि त्यात स्थानिक वाऱ्याइतकाच बंगालच्या उपसागरातून श्रीलंकेला वळसा घालून येणाऱ्या लाटांचाही हात असतो. शिवाय पाऊस आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी समुद्रावर काही मीटर जाडीचं झाकण घालतं. खालून आलेलं नायट्रेट या झाकणाखालीच थबकतं. वर ढग, पाण्यात गाळ; प्रकाशही तुटपुंजा. म्हणून केवळ पोषकद्रव्यं मोजून इथल्या उत्पादकतेचा अंदाज बांधता येत नाही. ऊन आणि नायट्रेट एकाच खोलीवर भेटले, तरच सिलिकाचं कवच असलेले डायटम भराभर वाढतात.

या भरभराटीची किंमतही मोठी आहे. अरबी समुद्रातून वर येणाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो. त्यात मेलेले प्लवक कुजू लागले की उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. मग जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात आणि ज्या नायट्रेटवर प्लवक वाढायचे तेच वायू होऊन निघून जातं. पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याजवळच्या उथळ समुद्रात तळाशी विषारी हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे जगापुढे मांडलं. नद्यांमधून येणारं शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी हा ताण वाढवतं, हे मला सर्वांत चिंतेचं वाटतं.

पावसाळ्यात ढगांमुळे प्लवकांचा हिरवा रंग उपग्रहांना क्वचितच दिसतो. झाकणाखालचं तर त्यांना कळतच नाही. त्यासाठी खवळलेल्या समुद्रात बोट नेऊन, वर्षानुवर्षं, खोलीखोलीवरचं पाणी तपासावं लागतं. अशा नोंदींना मिळणारा निधी एक वर्षही खंडित होता कामा नये.