बंद होमस्टेतील पाण्याची निगा

घर चार महिने बंद राहिले की भिंतींना ओल येते, कौले सरकतात, लाकडाला वाळवी लागते. ही नुकसाने दार उघडताच दिसतात. टाकीत आणि नळांत झालेले नुकसान मात्र दिसत नाही; ऑक्टोबरात पहिला पाहुणा शॉवरखाली उभा राहतो आणि वास येतो म्हणून ओरडतो, तेव्हा ते कळते. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात हा प्रश्न अलीकडे बराच वाढला आहे. काळी नदीवरच्या सुपा धरणात जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि धरणाखाली गणेशगुडीला पुढे राफ्टिंग सुरू झाले. त्यामागोमाग सुपारीच्या बागांतून होमस्टे, कॉटेजेस आणि तंबूंचे कॅम्प उभे राहिले. पावसाळ्यात राफ्टिंग बंद असते. सगळीच ठिकाणे तेव्हा बंद होत नाहीत, पण आडबाजूचे कॅम्प आणि शहरात राहणाऱ्यांनी बांधलेली सुटीची घरे जूनमध्ये कुलूप लावून सोडली जातात.

अशा व्यवस्थेची निगा कशी राखावी याची छापील माहिती मुख्यतः अमेरिकेतून आणि युरोपातून येते. तिथे ती कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर बाळगणाऱ्यांसाठी लिहिलेली असते आणि तिचा मोठा भाग गोठण्याविषयी असतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, पाइप आणि पंप फोडते. म्हणून हिवाळ्यापूर्वी नळांत प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचे न गोठणारे द्रव भरून ठेवतात. जोयड्यात जानेवारीतली पहाटही शून्याच्या आसपास जात नाही, तेव्हा हा खर्च इथे निव्वळ वाया. इथला शत्रू थंडी नसून ऊब आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असले तरी ते साठलेल्या पाण्यातून काही दिवसांत निघून जाते. झऱ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात ते मुळातच नसते. मग जिवाणू पाइपच्या आतल्या भिंतीला चिकटून बुळबुळीत थर धरतात. हा थर नुसत्या पाण्याने धुऊन जात नाही आणि क्लोरीनही त्याच्या तळापर्यंत सहज पोचत नाही. त्यातच लीजनेला हा जिवाणू वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ पसरली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तिच्या मुळाशी असलेला हा जिवाणू सापडला. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियस हे त्याच्या वाढीचे तापमान. ६० अंशांच्या वर तो मरतो. पाणी प्यायल्याने हा आजार सहसा होत नाही, बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेल्याने होतो. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या नळापेक्षा शॉवर अधिक धोक्याचा.

डासांचा हिशेब वेगळा आहे. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. टाकी रिकामी केली तरी ही अंडी कोरडी होऊन अनेक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. पाणी काढून टाकले म्हणजे काम झाले, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. आतली भिंत काथ्याने किंवा कडक ब्रशने घासावी लागते, आणि जिथे पाण्याची रेघ उमटलेली दिसते तिथे दोनदा.

या सगळ्यावर एकच धोरण चालते: पाणी एक तर वाहते ठेवावे, नाही तर संपूर्ण काढून टाकावे. अर्धी भरलेली टाकी ही सर्वात वाईट अवस्था. जुन्या घरांत न्हाणीतला तांब्याचा हंडा वापर नसला की घासून पालथा घालत, त्यामागे हेच होते. प्लास्टिकची हजार लिटरची टाकी पालथी घालता येत नाही, म्हणून तिच्यासाठी थोडे अधिक काम पडते.

काम उगमापासून सुरू करावे. जोयड्याच्या डोंगराळ भागात अनेक ठिकाणी वरच्या झऱ्यावरून काळ्या पाइपने उताराचे पाणी घरापर्यंत आणलेले असते. पावसाळ्यात त्याच पाइपमधून गाळ, पाने आणि खेकड्याची पिल्ले येतात. तेव्हा टाकीच्या तोंडाशी तो सोडवून, टोकाला जाळी बांधून पाणी बाहेर ओहोळात जाऊ द्यावे. वरची जोडणी तशीच ठेवून खालचा व्हॉल्व्ह बंद केला तर पाइप गाळाने चोंदतो आणि ऑक्टोबरात तो मोकळा करणे दमवणारे ठरते. बोअरवेलचे उलट आहे. तिथला पंप बंद पडून राहू नये. शेजारच्या कुणाला तरी किल्ली देऊन पंधरा दिवसांनी दहा मिनिटे मोटर चालवून घ्यावी. विहिरीवरच्या जमिनीवरील मोटरचे पाणी मात्र तळाचा प्लग उघडून काढावे. आत पाणी राहिले तर शाफ्ट गंजून जाम होतो, आणि तशीच वीज दिली तर वायंडिंग जळते. सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून पाहावा, तो मोकळा फिरला तरच बटण दाबावे.

टाकी रिकामी करण्यात एक अडचण असते, ती शहरात लक्षात येत नाही. घाटमाथ्यावर जून-जुलैत वारा असा सुटतो की स्लॅबवरची रिकामी प्लास्टिकची टाकी जागची हलते, जोडलेला पाइप मोडते, प्रसंगी खाली येते. या भीतीने कित्येक जण टाकी भरून ठेवतात, आणि मग वर सांगितलेले सगळे घडते. उपाय सोपा आहे: टाकीला दोन बाजूंनी नायलॉनचे जाड दोर किंवा गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या घालून त्या स्लॅबमधल्या हुकांना बांधाव्यात. हुक नसतील तर ते टाकी बसवतानाच ठोकलेले बरे. झाकणावरही दोर हवा. तो वाऱ्यासाठी नव्हे, माकडांसाठी. नुसते ठेवलेले झाकण ती सहज उचलतात आणि चार महिन्यांचा पाऊस, पाने व बेडूक आत जातात. टाकीचा ओव्हरफ्लो आणि हवेचा पाइप बारीक जाळीने बांधावा. तळाचा व्हॉल्व्ह मात्र उघडा ठेवावा, म्हणजे चुकून पाणी शिरलेच तर थांबणार नाही.

घरातले नळ, गरम आणि थंड दोन्ही, उघडून पाइपमधले पाणी उतरू द्यावे. शॉवरचे डोके काढून वेगळे ठेवावे. गिझरचे पाणी काढणे बहुतेकांच्या मनातच येत नाही, कारण ते भिंतीवर उंच आणि पत्र्याच्या डब्यात बंद असते. पण पाणी साचून राहते ते तिथेच. काढल्यावर त्याच्या बटणावर ‘टाकी रिकामी आहे’ अशी चिठ्ठी चिकटवावी. ऑक्टोबरात घाईने ते सुरू झाले तर कॉइल मिनिटांत जळते. सौर बंबाच्या काचेच्या नळ्या रिकाम्या असताना उन्हात तापतात आणि त्यांत थंड पाणी पडले की तडकतात, म्हणून त्यांच्यावर ताडपत्री टाकलेली बरी.

काही गोष्टी कोरड्या पडू द्यायच्या नसतात. आरओ यंत्राचा पडदा वाळला की कामातून जातो, म्हणून तो काढून कंपनीच्या सूचनेप्रमाणे ओला साठवावा किंवा हंगामाच्या सुरुवातीला नवा घ्यावा. कँडल फिल्टर उलट, पूर्ण वाळवूनच ठेवावा. बेसिन, न्हाणी आणि संडासाच्या वाकड्या नळीतले पाणी हे गटाराचा वास, झुरळे आणि डास अडवणारे दारच असते. ते आटू नये म्हणून प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडतात. तेलाचा तवंग बाष्पीभवन रोखतो. मुसळधार पावसात हवा दमट असते तेव्हा याची फारशी गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये बंद राहणाऱ्या घरात मात्र हे चुकवू नये.

कॅराव्हॅन आपल्याकडे अजून अपूर्वाईची चीज आहे, पण महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले, आणि भाड्याने गाड्या देणारेही आता आहेत. गाडीतली पाण्याची व्यवस्था घरातलीच, फक्त लहान: शंभर लिटरच्या आसपासची टाकी, बारा व्होल्टचा पंप, बारीक नळ्या, छोटा हीटर. पावसाळ्यात ती उभी करताना सर्वात खालच्या ड्रेनकडे गाडी किंचित कललेली ठेवावी, हीटरचे पाणी काढावे, पंप काही सेकंद चालवून नळीतले उरलेसुरले पाणी बाहेर फेकावे आणि पंपापुढची गाळणी धुऊन वाळवावी. बाहेर उघडणाऱ्या नळ्यांची तोंडे जाळीने झाकली नाहीत तर कुंभारीण माशी त्यांत मातीचे घर बांधते. सिमेंटसारखे घट्ट झालेले ते बूच काढायला पुढे तार लागते.

उघडताना प्रथम काय दिसेल ते पाण्याच्या जातीवर अवलंबून असते. जांभ्या खडकाच्या भागात पाण्यात लोह असू शकते. तसे असेल तर पहिल्या काही बादल्या तांबूस येतात आणि पाइपच्या तोंडाशी शेंदरी शेवाळासारखा लिबलिबीत थर दिसतो. हे पाणी वाहून जाऊ द्यावे, टाकी पुन्हा घासून धुवावी आणि मगच क्लोरीन घालावा. प्रमाण ठरलेले आहे: हजार लिटर पाण्यात ३३ टक्के ताकदीची ताजी ब्लीचिंग पावडर १५० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन. उघड्या पिशवीतली पावडर लवकर उतरते, ती असेल तर २०० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच टाकीत ओतावे. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर हजार लिटरला एक लिटर, कॅराव्हॅनच्या शंभर लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर. संडास धुण्याचे आम्ल त्याच बादलीत कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मग प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा, बंद करावा आणि पाणी निदान चार तास तसेच राहू द्यावे. चार तासांनंतर वास गेला असेल तर लोहाने किंवा चिकट थराने क्लोरीन खाऊन टाकलेला असतो आणि फेरी पुन्हा करावी लागते. पाणी चहासारखे झाले तरी घाबरू नये, क्लोरीनने विरघळलेल्या लोहाचा गंज होऊन तो वर आलेला असतो. हे पाणी थेट ओहोळात सोडू नये, माशांना ते मारक असते. टाकीचे झाकण उघडून ऊन लागू द्यावे, वास पूर्ण गेल्यावर ते मोकळ्या जमिनीवर सोडावे. त्यानंतर गिझर ६० अंशांवर तापवून प्रत्येक शॉवरमधून गरम पाणी काही मिनिटे सोडावे. खिडकी उघडी ठेवून, आणि स्वतः बाहेर उभे राहून.

पिण्याच्या नळाची खात्री एच टू एस बाटलीने होते. १९८२ मध्ये मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली ही भारतीय चाचणी स्वस्त आहे आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही: बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर विष्ठेतल्या जिवाणूंचा संशय घ्यायचा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरावा लागतो. तोही साध्या संचाने रंग पाहून मोजता येतो. क्लोरीनच्या दोन फेऱ्या होऊनही बाटली काळीच पडत असेल तर दोष टाकीत नसतो. मग विहिरीचा कठडा, झऱ्याचे कुंड आणि शोषखड्ड्यापासूनचे त्यांचे अंतर तपासावे लागते. ते पंधरा-वीस मीटरपेक्षा कमी भरले तर हलवायचा तो शोषखड्डा.