छंदाची सोबत



मनुष्य आपले सुख चारचौघांत बोलून दाखवितो. दुःख मात्र तो घराच्या उंबरठ्याआड ठेवतो. त्यातही मोठी दुःखे लपत नाहीत. मृत्यू, अपघात, आग यांची वार्ता गावभर होते आणि माणसे धावून येतात. लपून राहतात ती रोजची दुःखे: थकलेले कर्ज, सासूचे अंथरूण, मुलाचे अभ्यासात न लागणारे लक्ष, रात्री न येणारी झोप. ही दुःखे सांगावीत एवढी मोठी वाटत नाहीत आणि एकट्याने सोसावीत एवढी लहानही नसतात. ती सांगायची कोणाला, हा प्रश्न प्रत्येकाच्या आयुष्यात कधी ना कधी येतो. माझा अनुभव असा आहे की, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्या छंदाच्या सोबत्यांपाशी सापडते. हे कसे घडते आणि त्यासाठी आपण कोणती काळजी घ्यावी, याचा विचार आज आपण करू.

मी सौंसरची शिक्षिका. पांढुर्णा आणि सौंसर या आमच्या तहसिली मध्य प्रदेशात आहेत, परंतु घराघरांत बोली मराठी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली याच दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, शेतात संत्रा आणि कापूस, असा आमचा संसार आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांचे लोक दोन तीरांवर उभे राहून एकमेकांवर दगड फेकतात, आणि दरवर्षी माणसे जखमी होतात. बाहेरच्या लोकांना आमच्या भागाची ओळख असते ती एवढीच. परंतु वर्षाचे उरलेले दिवस हीच माणसे एकमेकांच्या सुखदुःखात कशी असतात, हे बाहेर कोणाला ठाऊक नसते.

आमच्याकडे गावोगाव भजनी मंडळे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी अमरावती जिल्ह्यात. १९३५ साली त्यांनी तो आश्रम स्थापन केला. १९६८ साली त्यांचे देहावसान झाले. परंतु त्यांची खंजिरी वऱ्हाड-नागपुराची सीमा ओलांडून आमच्याकडे आली ती आजही वाजते आहे. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत जातीचा वा धर्माचा भेद नाही. म्हणूनच माझ्यासारख्या कॅथलिक बाईला महिला मंडळात पेटी वाजविण्यासाठी बोलावणे आले, तेव्हा ते मला परक्याचे वाटले नाही. पेटी मी लहानपणी चर्चच्या गायनवृंदात शिकले. दर गुरुवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस जणी जमतो. कोणी टाळ धरते, कोणी खंजिरी, कोणी नुसतीच टाळी वाजविते. तास-दीड तास भजन होते, मग चहा होतो, आणि चहाबरोबर गप्पा.

या मंडळात घडलेली एक गोष्ट सांगते. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तीत माझी चूक आहे.

आमच्यातील एका बाईंचा संत्र्याचा बगीचा आहे. अंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या सुमारास तोडणीला येते. त्या वर्षी फळ बोराएवढे होत असतानाच गारपीट झाली आणि झाडाखाली सडा पडला. व्यापाऱ्याने बगीच्यासाठी दिलेला इसार मोटरपंपात आणि औषधांच्या फवारणीत आधीच खर्च झाला होता. तो इसार व्यापारी परत मागू लागला. यातले आम्हांला काहीही ठाऊक नव्हते. त्या गुरुवारी आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत, तिसऱ्याही नाहीत. मंडळात कुजबुज झाली: मुलीचे लग्न मोठ्या घरी ठरले म्हणून यायला कमीपणा वाटत असेल. मधल्या काळात बाजारात त्या मला भेटल्या होत्या. मी घाईत होते. "या की भजनाला," एवढे म्हणून मी पुढे गेले. त्यांच्या पिशवीत भाजी नव्हती, हे मी पाहिले होते. पाहून न पाहिल्यासारखे केले.

चौथ्या आठवड्यात आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. त्यांचे यजमान खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते जेवत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. रात्र रात्र त्या दाराशी बसून जागत होत्या. विदर्भाच्या शेजारी राहणाऱ्या आम्हां लोकांना अशा जागण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी म्हटले, "अहो, एका शब्दाने सांगायचे होते." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं जी. आपल्या तोंडानं कशी सांगू?"

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. मदत मागावी लागणे हेच पुष्कळांना दुःखाहून जड वाटते. म्हणून विचारण्याचे काम दुसऱ्याने करायचे असते.

मग आम्ही काय केले? वर्गणी काढली नाही. त्या घराला ती सोसली नसती. एकीच्या दिराला गारपिटीच्या सरकारी मदतीची माहिती होती. पटवाऱ्याचा पंचनामा झाला होता. अर्ज राहिला होता. तो हिंदीत लिहायचा होता, तो मी लिहिला. गावातील दोन वडीलधारी माणसे व्यापाऱ्याकडे जाऊन बसली आणि पुढच्या बहरापर्यंत मुदत मागून आली. यजमानांना डॉक्टरांकडे नेले. ते पूर्वी पुरुषांच्या मंडळात ढोलकी वाजवीत. त्या मंडळातले दोघे दररोज संध्याकाळी त्यांच्या खाटेशी येऊन बसू लागले. उपदेश त्यांनी केला नाही. ते पिकाचे बोलत, पावसाचे बोलत आणि उठताना म्हणत, "ढोलकीची शाई उतरली आहे, दादा, एकदा बघून द्या." महिन्याभराने ते ढोलकी बघायला गेले. कर्ज सगळे फिटले असे मी म्हणणार नाही. ते अजून फिटते आहे. परंतु गुरुवारी त्या बाई टाळ घेऊन येतात, आणि रात्री त्या घरात आता झोप येते.

आता प्रश्न असा की, जे सख्ख्या नातेवाइकांना जमले नाही ते छंदाच्या सोबत्यांना कसे जमले? माझ्या मते याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण ठरलेली वेळ. मैत्री पुष्कळदा सवडीवर अवलंबून असते, आणि सवड कोणालाच नसते. छंदाच्या मंडळाला वार आणि वेळ असते. त्यामुळे कोणी आले नाही तर ते दिसते. रिकामी जागा हीच पहिली खबर असते. मात्र ती ऐकण्याची तयारी हवी. आमच्याकडे ती तीन आठवडे नव्हती.

दुसरे कारण असे की, तेथे मनुष्य समोरासमोर बसत नाही, शेजारी बसतो. 'तुझे दुःख सांग' असे म्हणून कोणी समोर बसले तर तोंड मिटते. परंतु हात टाळ पुसण्यात गुंतलेले असतील, डोळे वहीत असतील, तर मनातले शब्द आपोआप बाहेर पडतात. पुरुषांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. ऑस्ट्रेलियात गेल्या शतकाच्या अखेरीपासून सेवानिवृत्त पुरुषांसाठी सुतारकामाच्या सामाईक खोल्या निघाल्या. तेथे माणसे लाकूड तासतात, खुर्च्या दुरुस्त करतात आणि काम करता करता मन हलके करतात.

तिसरे कारण समानता. नात्यात थोरला-धाकटा असतो, कचेरीत साहेब-कारकून असतो. भजनात मात्र सावकाराची सून आणि मजूर बाई एकाच ठेक्यावर टाळ वाजवितात. जिचा सूर चांगला तिला मान, मग ती कोणाचीही असो. अशा ठिकाणी दुःख सांगितल्याने पत जात नाही.

गायनाचा यात काही विशेष वाटा आहे काय? इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी प्रौढांच्या वर्गांची पाहणी सात महिने केली आणि २०१५ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. काही वर्ग गायनाचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांत आपुलकी सारखीच निर्माण झाली. परंतु गाणाऱ्यांमध्ये ती लवकर निर्माण झाली. यातून दोन गोष्टी समजतात. गाणे ओळख लवकर करून देते. आणि गाणे नसले तरी चालते, केवळ नियमाने एकत्र येणे पुरेसे असते. तेव्हा आपला छंद विणकामाचा असो, बागेचा असो, बुद्धिबळाचा असो वा वाचनाचा, त्यातून सोबत मिळू शकते.

आपल्या देशातही याचा एक जुना प्रयोग झालेला आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत सुमारे १५० खेड्यांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा लोक एकत्र बसून अर्धा तास कार्यक्रम ऐकत आणि नंतर चर्चा करीत. रेडिओ हे निमित्त होते. एकट्याच्या शेतातील अडचण तेथे सर्वांची अडचण झाली, हे त्याचे खरे फळ होते.

दुःख ऐकून घेण्यासाठी फार विद्वत्ता लागते असेही नाही. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे येथे एक योजना सुरू केली. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक ठेवायचे आणि त्यावर वस्तीतीलच आजीबाईंना बसवायचे. या आजीबाईंना थोडे प्रशिक्षण दिले. समोरच्याचे मन उघडू द्यायचे, त्याच्या अनेक अडचणींतून एक निवडायला लावायची आणि तिच्यावर त्यानेच काढलेला उपाय पार पाडायला धीर द्यायचा, एवढेच त्यांचे काम. २०१६ साली ५७३ रुग्णांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि सहा महिन्यांनंतर बाकावर येणाऱ्यांची उदासीनता नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी झाल्याचे दिसले. 'अनेकांतून एक अडचण निवडा' ही त्यातली युक्ती मला फार मोलाची वाटते. आमच्या त्या बाईंच्या घरीही आम्ही नकळत हेच केले होते: कर्ज मोठे होते, पण प्रथम अर्ज लिहायचा होता.

मात्र या सोबतीला काही पथ्ये आहेत. ती पाळली नाहीत तर मंडळ मोडते आणि मनेही मोडतात.

पहिले पथ्य गुप्ततेचे. मंडळात ऐकलेले पाणवठ्यावर सांगायचे नाही. एकदा गाऱ्हाण्याची चहाडी झाली की पुढे कोणीही तोंड उघडत नाही. दुसरे पथ्य पैशाचे. सोबत्यांनी आपसात उसनवारी शक्यतो करू नये. द्यायचे असेल तर परत येणार नाही असे समजून द्यावे. अथवा श्रम द्यावेत. आपल्याकडे पूर्वी इर्जिक असे. सगळ्यांच्या बैलजोड्या एकाच्या शेतात येत, दिवसभरात नांगरणी होई आणि घरमालक जेवण घाली. हिशेब कोणी लिहीत नसे, आणि उपकाराचे ओझेही होत नसे. तिसरे पथ्य उपदेशाचे. 'माझ्यावर तर याहून मोठे संकट आले होते,' हे वाक्य सांत्वनाचे नसते. त्याने सांगणाऱ्याचे दुःख लहान होते आणि तो गप्प होतो. चौथे पथ्य मर्यादेचे. आपण सोबती आहोत, वैद्य नव्हे. कोणी जगणे नको म्हणू लागला, अन्नपाणी सोडले, तर त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे आणि तेथे आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक मंडळाने आपल्या भजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आणि एक पथ्य छंदाविषयीचे. दुःखे ऐकण्याच्या भरात छंदच बाजूला पडता कामा नये. गुरुवारी आम्ही प्रथम भजन करतो, बोलणे मागाहून. कारण ज्या दिवशी मंडळ केवळ रडण्याची जागा होईल, त्या दिवशी लोक यायचे थांबतील. आनंदासाठी माणसे जमतात म्हणूनच तेथे दुःखाला आसरा मिळतो.

त्या प्रसंगानंतर आमच्या मंडळाने एकच नियम केला. कोणी लागोपाठ दोन गुरुवार आले नाही, तर तिसऱ्या गुरुवारच्या आत कोणीतरी दोघींनी तिच्या घरी जाऊन यायचे. कारण विचारायला नव्हे, चहा प्यायला. बहुतेक वेळा पाहुणे आलेले असतात किंवा कापूस वेचणीला आलेला असतो, आणि आम्ही हसत परत येतो. परंतु एखाद्या वेळी दार उघडणाऱ्या बाईचा चेहराच सर्व काही सांगतो.

भजनात एक गोष्ट आपण सर्वांनी पाहिली असेल. पुढे म्हणणाऱ्याचा श्वास संपतो, तेव्हा मागची मंडळी धृपद उचलतात. त्यामुळे त्याला श्वास घ्यायला उसंत मिळते आणि भजन थांबत नाही. श्रोतेहो, आपल्याही छंदाचे चार सोबती असतील. त्यांतील कोणाची जागा गेल्या दोन आठवड्यांत रिकामी होती, हे आज जरा आठवून पाहा. आणि जमल्यास संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन या.