रविवारचा रेडिओ: लंडन, हैदराबाद, हट्टा

लंडनच्या बीबीसीवर पन्नाशीच्या दशकात रविवारी दुपारी ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’ लागे: जर्मनीतले ब्रिटिश सैनिक आणि त्यांचे घरचे एकमेकांसाठी गाणी मागत. जवानांच्या फर्माइशींची ही तऱ्हा आपल्याकडे विविध भारतीच्या ‘जयमाला’त भेटते.

आता लंडनहून मराठवाड्यात: वसमत तालुक्यातले हट्टा गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे सरकारी आवाज यायचा तो हैदराबादहून. १९३५ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतलेल्या तिथल्या केंद्रावर उर्दूचा वरचष्मा होता. पण ऐकायला संच हवा, विजेविना खेड्यात बॅटरी हवी, वर परवाना! त्यामुळे एका घरचा रेडिओ साऱ्या आळीचा.

मराठी लंडनहूनही येई. बीबीसीची मराठी सेवा १९४२ मध्ये सुरू झाली आणि १९५८ पर्यंत, मधला छोटा खंड वगळता, चालली. तिथे कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. जॉर्ज ऑर्वेल त्यांचे सहकारी. ऑर्वेलने इंग्रजीत लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीतून प्रसारित होत, हे आजही अनेकांना ठाऊक नाही.

मराठी रविवारचा खरा मानकरी मात्र ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर कवी गदिमा आणि संगीतकार बाबूजींचे दर आठवड्याला नवे गीत शुक्रवारी सकाळी लागे आणि शनिवारी-रविवारी पुन्हा. एकूण गीते ५६.

ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ शेतावर गेला. परभणीला आकाशवाणी केंद्र झाल्यावर हट्टेकरांना घरचा आवाज मिळाला: मध्यम लहरी, १३०५ किलोहर्ट्झ.