सांगाडा स्विंडनचा, बैठक ज्याची त्याची

१९५४च्या सुमारास ज्यानं गॅरार्ड ३०१ विकत घेतला, त्याच्या हाती अर्धीच वस्तू पडली. खोक्यात ओतीव ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्याखाली स्प्रिंगांवर टांगलेली मोटर, वर अडीच किलोहून जड तबक आणि दोन-तीन खटके. सुईचा आर्म नाही, लाकडी पेटी नाही. आर्म कुठला लावायचा, पेटी कशाची करायची, हे घेणाऱ्यानं आपलं आपण बघायचं. कंपनीनं गिऱ्हाइकावर सोडलेलं ते काम जगभरचे हौशी लोक अजून करत बसले आहेत. हे यंत्र इतकं टिकलं, त्याचं निम्मं श्रेय मी या अर्धवटपणाला देतो.

गॅरार्ड हे नाव मुळात सराफांचं. ब्रिटिश राजघराण्याच्या या सराफांनी पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तोफखान्यासाठी अंतरमापक बनवायला वेगळी कंपनी काढली. युद्ध संपलं, अंतरमापकांची मागणी आटली. मग ग्रामोफोनच्या चावीच्या मोटरी बनवायला घेतल्या आणि कारखाना स्विंडनला थाटला. स्विंडन हे तेव्हा रेल्वे इंजिनं बांधणारं गाव, तिथं लेथवर हात बसलेल्या माणसांची ददात नव्हती. ई. डब्ल्यू. मॉर्टिमर यांनी आखलेला ३०१ त्याच कारखान्यातून बाहेर पडला. ३३⅓, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग एकाच यंत्रावर, तेही बीबीसीच्या स्टुडिओत चालतील इतक्या भरवशाचे. तेव्हा एलपी नुकत्याच रुळत होत्या आणि घरोघरी ७८च्या चळती होत्या, त्यामुळे तिन्ही वेगांना मोल होतं.

आतली रचना झाकणं उघडली की पाच मिनिटांत समजते. मोटरच्या दांड्यावर तीन पायऱ्यांची पुली. पुलीला टेकतं एक रबरी चाक आणि ते चाक तबकाच्या आतल्या कडेला टेकून त्याला फिरवतं. वेग बदलला की चाक पुलीच्या दुसऱ्या पायरीवर सरकतं. खटका बंद केला की चाक पुलीपासून सुटं होतं, म्हणजे रबरावर खळगा पडत नाही. वेग थोडा कमी-जास्त करायला चुंबकाचा ब्रेक आहे: मोटरच्या दांड्यावरची ॲल्युमिनियमची चकती चुंबकाजवळून फिरते आणि बटण फिरवलं की चुंबक जवळ-लांब होतो. घरातल्या जुन्या वीजमीटरमध्ये जी चकती फिरताना दिसायची, तिलाही चुंबक असाच आवर घालायचा. बेल्ट नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. चाक थेट रेटतं म्हणून तबकाला जोर आहे. सुई खोल खाचेत घुसली तरी ते दबत नाही.

जोराबरोबर त्रासही येतो. मोटर सेकंदाला पंचविसाच्या जरा आत फेरे घेते आणि तिची थरथर त्याच चाकावाटे तबकात, तिथून रेकॉर्डमध्ये, तिथून सुईत शिरते. ही घरघर तानपुऱ्याच्या खर्जाच्याही बरीच खाली असते. कानाला ती स्वर म्हणून कळत नाही, पण गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरचा कागदी कोन हेलकावे खाताना दिसतो. हौशी माणसाची अर्धी हयात ही घरघर मारण्यात जाते.

पुलीचं बघा. अमेरिकेतला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा, म्हणून तिकडे गेलेल्या यंत्रांना वेगळ्या मापाची पुली असे. असं यंत्र कुणा नातेवाइकानं हौसेनं इकडे आणलं आणि आपल्या ५० हर्ट्झवर लावलं, तर ते सहाव्या हिश्शानं मंद चालतं. काळी चारची गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते आणि चुणचुणीत द्रुत बंदिश मध्यलयीत रेंगाळते. अशी यंत्रं 'बिघडलेली' म्हणून विकली जातात. पुली बदलली की झालं.

वेग तपासायला रेघांची चकती असते. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓साठी १८० रेघा, ७८साठी ७७. वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी थबकलेल्या दिसतात. आताच्या बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा नीट दिसतच नाहीत, त्यासाठी जुनी ट्यूब किंवा निऑनचा दिवा लागतो. पण यातली खरी गंमत वेगळी आहे. दिवा आणि मोटर एकाच विजेवर चालतात. विजेचीच वारंवारता घसरली तर दिवाही हळू लुकलुकतो, मोटरही मंदावते आणि रेघा बिचाऱ्या 'सगळं ठीक' म्हणून उभ्याच राहतात. आपल्याकडे एक काळ असा होता की वारंवारता ४९ हर्ट्झखाली जाणं नेहमीचं होतं. ४९ म्हणजे दोन टक्के घसरण, लहानात लहान श्रुतीहून जास्त. संध्याकाळी भार वाढला की रेकॉर्डमधले बुवा उतरायचे आणि सोबत वाजवलेली बाजाची पेटी बेसूर वाटायची. आता राष्ट्रीय ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा पट्टा ठरवून दिलेला आहे. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांवर हा उपकार झाला, हे ठरवणाऱ्यांच्या गावीही नसेल.

बैठकीची, म्हणजे खालच्या पेटीची, गोष्ट सर्वांत लांब. पूर्वी पोकळ लाकडी पेट्या करत आणि त्या घुमत. पुढं लोकांनी वजन वाढवलं. कुणी बर्च प्लायवूडचे थर चिकटवले, इंग्लंडात पाटीचा दगड कापून घेतला, आपल्याकडे सागवान झालं आणि ओट्याचा उरलेला कडप्पाही झाला. माझ्या यंत्राखाली हे आलटून पालटून येऊन गेलं. तपासायला डॉक्टरांचा स्टेथोस्कोप पुरतो. मोटर चालू ठेवून तो सांगाड्यावर टेकवला की घरघर दणकून ऐकू येते. मग इंचाइंचानं बाहेर सरकायचं, पेटीच्या कडेला, पायांशी, टेबलावर, आणि आवाज कुठं मरतो ते बघायचं. कडप्पा नुसता ठेवला तर बोटानं टिचकी मारताच टणकन वाजतो आणि मोटरचा एक चिरका सूर जसाच्या तसा पुढं पाठवतो. प्लायवूडच्या जाड थरांत तोच आवाज दोन-तीन इंचांत विरतो. कडप्पा खाली, प्लायवूड वर, मध्ये रबर: माझ्या खोलीत हे जमलं. दुसऱ्याच्या खोलीत जमेलच असं नाही, कारण लाकडी माडीची जमीन आणि स्लॅबची जमीन यांचं वागणं वेगळं.

तबकाच्या आसाच्या बेअरिंगवरून तर तट पडलेले आहेत. सुरुवातीच्या राखाडी यंत्रांत ग्रीस भरायचं, खालची टोपी अधूनमधून पिळायची. नंतरच्या मलईरंगी यंत्रांत तेल. ग्रीसवाल्यांचा आवाज 'भरदार' आणि तेलवाल्यांचा 'मोकळा' असतो, असं शपथेवर सांगणारे मी ऐकले आहेत. जुनं वाळलेलं वंगण काढून नवं भरलं की दोन्ही गटांची यंत्रं छान चालतात, एवढंच माझ्या कानांनी मान्य केलं. त्याहून मोठी गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. रेकॉर्डचं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं, तरी सुई दहा सेंटीमीटर त्रिज्येवर असताना वेग अर्धा टक्का वर-खाली होतो. तानपुरा तेव्हा चक्क लाटेसारखा डोलतो. लाखभराची बैठक केली तरी त्यावर उपाय होत नाही.

आर्मची कथा याच छंदातून निघाली. ॲलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांची एसएमई ही कंपनी १९४६ साली निघाली तीच मुळी छोट्या प्रतिकृती आणि त्यांचे सुटे भाग बनवायला. त्यांना घरी ऐकायला चांगला आर्म हवा होता, म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक केला. मित्रांना तो आवडला आणि १९५९ साली तो विक्रीला आला. ३०१च्या रिकाम्या जागेत एसएमईचा लांब आर्म, ही जोडी पुढं जगभर मान्यता पावली.

१९६५ साली ३०१ थांबला, ४०१ आला. सत्तरच्या दशकात बेल्टच्या आणि थेट मोटरच्या यंत्रांनी रबरी चाकाला जुनाट ठरवलं. १९७९ साली गॅरार्ड ब्राझीलच्या ग्रॅडिएंटे कंपनीला विकली गेली आणि पुढं स्विंडनचा कारखानाही बंद पडला. पाश्चात्त्यांनी अडगळीत टाकलेल्या या यंत्रांना जपानी हौशी लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं. टोकियोच्या केन शिंदो यांनी तर त्यांना नवं बेअरिंग आणि थरांची लाकडी बैठक देऊन आपल्या नावानं पुन्हा उभं केलं. पुढं इंग्लंडात लोरीक्राफ्ट ही लहानशी कंपनी दुरुस्ती आणि सुटे भाग सांभाळत राहिली.

आणि इथं पुणं येतं. इलेक्ट्रोस्टॅटिक पडदे वापरून स्पीकर बनवणारी पुण्याची केडन्स ही कंपनी परदेशातल्या हौशी वर्तुळांत बरीच वर्षं माहितीची आहे. तिचे प्रमुख अजय शिर्के आपल्याला क्रिकेटच्या कारभारामुळे ठाऊक. २०१६ साली एसएमई त्यांच्या समूहाकडे आली, २०१८ साली लोरीक्राफ्ट आणि गॅरार्ड हे नावही आलं. आता ससेक्समधल्या स्टेनिंग गावात एसएमईचे कारागीर जुने ३०१ पूर्ण खोलून, घासून, नवे भाग घालून, एसएमईचा आर्म आणि बैठकीसह विकतात. एसएमईनं २०१९च्या अखेरीस सुटे आर्म विकणं बंद केलं, त्यामुळे जुन्या आर्मच्या किमती चढल्या आणि हौशी लोक चिडले. मलाही तो निर्णय पटलेला नाही. ज्या यंत्राची मजाच स्वतः जुळवण्यात होती, ते आता तयार ताटासारखं पुढ्यात येतं आणि ज्याला ते परवडतं त्याला स्क्रू पिळायची गरज उरत नाही.

आपल्याकडे ३०१चा खरा उपयोग ७८च्या रेकॉर्डींसाठी आहे. जुन्या ७८ सगळ्या ७८लाच ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. कुणी ७४, कुणी ८०. चुंबकाचा ब्रेक इथं कामाला येतो: बाजूला बाजाची पेटी ठेवायची आणि गायकाची पट्टी जुळेपर्यंत बटण फिरवायचं. ब्रेकचा पल्ला थोडा आहे, पण बऱ्याच रेकॉर्डी त्यात बसतात. एलपीची सुई मात्र ७८वर कधीही ठेवू नका. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण तिप्पट जाड टोकाची सुई लागते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींनी हे शहाणपण बरीच वर्षं लोकांना सांगितलं.

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडताना धुळीत असं यंत्र दिसलं, किंवा आजोबांच्या माडीवर सापडलं, तर चार गोष्टी पाळा. लगेच वीज जोडू नका; आधी वायर आणि आतला जुना कॅपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्या. पुली ५० हर्ट्झची आहे का ते बघा. रबरी चाक फक्त स्पिरिटनं पुसा, कानशीनं घासू नका. आणि त्यावर नवा रंग चढवू नका, सांगाड्याला नवी भोकं पाडू नका. आर्मसाठीची भोकं पाडायला खालची बैठक आहे. ती तुमची आहे.