पोट भरतं, पण मन भरत नाही

१९९१च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी घरी टेलिफोन यायला कित्येक वर्षं थांबावं लागे. आज भाजीवाल्याच्याही खिशात मोबाइल आहे. तरी भांडवलशाहीबद्दल कुणी प्रेमानं बोलत नाही.

एक कारण वाटपात आहे. स्पर्धेचा फायदा कोट्यवधी लोकांत थोडाथोडा विखुरतो. कॉल स्वस्त झाला म्हणून कुणी आभाराचा मोर्चा काढत नाही. तोटा मात्र नावागावासकट कोसळतो. मुंबईचं गिरणगाव पाहा. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. नंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. शहराची श्रीमंती वाढली, पण साचेवाल्या विणकराचं कसब तिथे कुणालाच नको होतं. या ऱ्हासात सरकारी धोरणांचा आणि जमिनींच्या चढत्या भावाचाही वाटा होता. लोक मात्र सगळं भांडवलशाहीच्याच खात्यावर मांडतात.

अर्थतज्ज्ञ जोसेफ शुंपीटर यांनी १९४२मध्ये अशा उलथापालथीला ‘सर्जनशील विध्वंस’ म्हटलं. त्यांचं दुसरं निरीक्षण अधिक खोचक आहे: भरभराटीमुळेच शिकलेला, सवड असलेला वर्ग वाढतो आणि तोच या व्यवस्थेवर तुटून पडतो.